मेलोसचा संवाद आणि मिलिंदाचा संवाद

युद्ध, सत्ता आणि मनुष्यस्वभाव यांविषयीचे प्राचीन ग्रीकांचे चिंतन पाहावयाचे तर प्रथम थुसिडिडीजकडे वळावे लागते. ॲम्फिपोलिस गमावल्यावर हा अथेनियन सेनानी वीस वर्षे परागंदा होता. दोन्ही पक्षांना जवळून न्याहाळण्याची सवड त्याला तेव्हाच मिळाली. त्याच्या इतिहासातील मेलोसचे प्रकरण पालि अभ्यासकाने ‘मिलिंदपञ्ह’ शेजारी ठेवून वाचावे. तेथेही एक ग्रीक सत्ताधीश संवादाला बसलेला आहे.

इ.स.पू. ४१६ मध्ये ३८ जहाजांचा ताफा मेलोस या लहानशा बेटावर आला. लांब भाषणे नकोत, मुद्द्याला मुद्दा बोलू, ही सूचना अथेन्सच्या दूतांचीच. परंतु न्यायाची भाषा समबलांपुरतीच असते आणि शक्य तेथे सत्ता गाजविणे हा निसर्गनियम आहे, हा त्यांचा सिद्धान्त आधीच ठरलेला होता. मेलोसने शरणागती नाकारली. पुढे वेढा पडला, हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांची कत्तल झाली आणि स्त्रिया-मुले गुलाम म्हणून विकली गेली. वाचकाचे लक्ष बहुधा या क्रौर्यावर खिळते. मला आरंभीची नोंद अधिक बोलकी वाटते: मेलोसच्या सत्ताधाऱ्यांनी दूतांना जनतेसमोर येऊच दिले नाही. बोलणी मूठभरांत झाली, परिणाम सर्वांनी भोगला.

तासगावच्या वाचकाला हे परके वाटू नये. परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पडले. त्यांच्या घराण्याची येथील जहागीर इंग्रजांनी १८४८ मध्ये वारसाअभावी खालसा केली. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली. वेशीबाहेरच्या माणसाचे मत ना पहिल्याने विचारले होते, ना दुसऱ्याने.

आता सागल नगरी पाहा. मिलिंद वादाला आमंत्रण देतो तेव्हा नागसेन अट घालतात: पण्डितवाद करणार असाल तर बोलू, राजवाद करणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात खंडन-मंडन होते, पण कोणी कोपत नाही. राजांच्या वादात विरोध करणाऱ्यास दंड होतो. राजा हे मान्य करतो आणि विहारातील सेवकाशी बोलावे तसे आपणाशी बोला, असे सांगतो. मेलोसच्या बैठकीत नेमके हेच नव्हते. १९५० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) स्थापन झालेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले, यामागचे औचित्य या अटीत शोधावे.

थुसिडिडीजचे निदान अचूक आहे, परंतु मनुष्यस्वभाव तो जवळजवळ अचल मानतो. महानिदान सुत्त त्यामागील कारणे उलगडते: तृष्णेतून शोध, लाभ, आसक्ती, परिग्रह, मात्सर्य, राखण आणि अखेर हाती दंड व शस्त्र. कारणांनी घडलेले कारणे हटविल्यास थांबते.

तथापि ‘मिलिंदपञ्ह’ही निर्दोष नाही. चोराला मृत्युदंड देणे ही तथागतांची आज्ञा आहे काय, या मेण्डकपञ्हातील प्रश्नावर नागसेन ‘नाही’ म्हणतात. पण चोर आपल्याच कृत्याने मारला जातो, अशी पुस्तीही जोडतात. म्हणजे राजाचा हात कर्माआड लपला. हा भाग चिनी भाषांतरात नाही व तो उत्तरकालीन मानला जातो, एवढे सांगून सुटका होत नाही. परंपरेने तो स्वीकारला आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्त चोरीचे मूळ दारिद्र्यात दाखविते, ते येथे कोणालाच आठवत नाही. आणि एवढ्या चिकाटीने प्रश्न विचारणारा मिलिंद या ठिकाणी ‘साधु’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतो.