वाटेत भेटलेला माणूस

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. दिवाळी अंकात तर अमुक देशातले पंधरा दिवस सांगणारा एखादा लेख नसेल तर फराळाच्या ताटात चकली नसल्यासारखे वाटते. या लेखनातले डोंगर, वस्तुसंग्रहालये, पुतळे आणि हॉटेलांची बिले यांविषयी माझी काही तक्रार नाही. ज्याला ती हवी असतात त्याने ती आनंदाने वाचावीत. माझी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकांतून माणूस भेटतो तो बहुधा तोंडी लावण्यापुरता. एखादा विनोदी टॅक्सीवाला, एखादी प्रेमळ म्हातारी, एखादा उद्धट अधिकारी येतो, अर्ध्या पानात आपले काम उरकतो आणि लेखक पुढच्या गावाला निघतो. त्या माणसाने लेखकाला काही विचारले होते काय, हे कळत नाही.

म्हणून प्रवासाचे पुस्तक हाती आले की मी एक साधी कसोटी लावतो. यात प्रश्न कोण विचारतो? सगळे प्रश्न लेखकाचेच असतील तर ते पुस्तक सहलीचे. अनोळखी माणसाने लेखकाला प्रश्न विचारला असेल आणि उत्तर देताना लेखक थोडा अडखळला असेल, तर ते खरे प्रवासाचे.

ही कसोटी मला कोणा पंडिताने शिकवली नाही. ती वऱ्हाडच्या मातीत आहे. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, "कोन्या गावचे व्हय तुमी?" मुंबई-पुण्याच्या माणसाला हा भोचकपणा वाटतो. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती छोट्या रुळांची 'शकुंतला' जेव्हा धावत होती (आता ती धावत नाही, वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी गोऱ्या कंपनीने घातलेला हा रूळ, आणि १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन होते), तेव्हा एका प्रवासात समोरच्या धोतरवाल्या म्हाताऱ्याने दर्यापूर यायच्या आत माझी सगळी वंशावळ काढून घेतली. गाव कोणते, वावर किती, पोरे किती, नोकरी सरकारी की खाजगी, पगार पुरतो की नाही. मग शिदोरी सोडली आणि अर्धी भाकर ठेच्यासकट माझ्या हातावर ठेवली. मी नाव विचारले तर म्हणाला, "नावाचं काय करता बाप्पा, भाकर खा." अंजनगावला तो उतरून गेला. त्याच्या त्या प्रश्नांचा अर्थ इतकाच होता की, ज्याला भाकर द्यायची तो कोण हे माहीत असावे. त्या गाडीचा वेगही असा होता की ओळख व्हायला सवड मिळे, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु हाच प्रश्न दार उघडतो तसा लावूनही घेतो, आणि हे न सांगता या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९०१ साली साताऱ्याहून काही मुले वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघाली आणि मसूरच्या स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यावरही गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी एकजण कबूल झाला तो अशा अटीवर की मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून ती मुले रात्री उपाशी राहिली. त्यांतला एक मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९३५-३६च्या सुमारास त्यांनी ही हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली, ती छापून आली १९९० मध्ये. प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसांविषयी मराठी मुलखातून जे काही लिहिले गेले त्यात या मोजक्या पानांइतके जड दुसरे काही मी वाचलेले नाही. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. आमच्या प्रवासलेखकांनी 'लोक किती प्रेमळ' असे लिहिण्यापूर्वी, 'कोणाशी?' हा प्रश्न एकदा स्वतःला करून पाहावा.

आता वऱ्हाडकडे येतो. मराठी गद्याचा आरंभच वाटेवरच्या भेटींनी झाला आहे, आणि तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात झाला आहे. म्हाइंभटाचे 'लीळाचरित्र' आपण महानुभावांचा धर्मग्रंथ म्हणून कपाटात ठेवतो, किंवा परीक्षेपुरते वाचतो. पण धर्म क्षणभर बाजूला ठेवून पाहा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा ग्रंथ म्हणजे एका चालणाऱ्या माणसाला कोण कोण भेटले त्याची नोंद आहे. चक्रधरांची कथाच तशी. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून निघतो, लवाजमा मागे सोडतो, आणि रिद्धपुरात त्याला गोविंदप्रभू भेटतात. गावातले काहीजण त्यांना वेडा समजत. त्या 'वेड्या'ने बाजारात खाता खाता दिलेला उष्टा घास हा राजबिंडा परदेशी घेतो, आणि ज्या रामटेकासाठी तो निघाला होता ते मागेच राहते. वाटेतल्या भेटीने मुक्कामाचे ठिकाणच रद्द केले, असे याहून मोठे उदाहरण मला आठवत नाही.

त्याहून मला मोलाची वाटते ती म्हाइंभटाची रीत. चक्रधर गेल्यावर त्याने आपल्या कल्पनेने चरित्र रचले नाही. ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले होते, त्यांना गाठून विचारले. बायका, भिक्षुक, घरगृहस्थी करणारे, जो सापडेल तो. म्हणून या ग्रंथात साधी माणसे आपापल्या आवाजात बोलतात, आणि स्वामींना आडवेतिडवे प्रश्नही करतात. मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली, ती अनुयायांनी पुन्हा आठवणींतून उभी केली. म्हणजे दोनदा आठवलेले हे पुस्तक आहे. इतकी मोठी पुंजी घराशी असताना आमच्या प्रवासलेखकाला माणसाचे चार शब्द जसेच्या तसे टिपणे जड का जावे, हे मला कोडे आहे.

विष्णुभट गोडसे यांना ते जड गेले नाही. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक कर्ज फेडण्याच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला, आणि महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या शिपायांनी त्याला आणि त्याच्या काकांना बंडाची खबर दिली. आता पुढे जाऊ नका, असेच ते सांगणे होते. भटजी गेले. झाशीचा वेढा पाहिला, लुटले गेले, आणि 'माझा प्रवास' लिहिला. तो चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. यात झाशीच्या राणीची हकीकत आहे म्हणून आपण तो वाचतो. मला मात्र त्यातली भीती आवडते. हा माणूस अनोळखी माणसाला पाहताच घाबरतो, कारण तो लुटारू निघेल की अन्नदाता हे त्याला ठाऊक नसते. भयामुळे त्याचे डोळे उघडे राहतात. ज्या प्रवाशाला कशाचीच भीती नाही, ज्याचे परतीचे तिकीट खिशात आहे, त्याला माणूस नीट दिसत नाही असे माझे मत झाले आहे. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या १९४० सालच्या पुस्तकाने मराठी प्रवासवर्णनाला ऐट दिली, हे सगळे मान्य करतात, मीही करतो. पण ती ऐट पुढे पुष्कळांच्या अंगात भिनली.

पु. ल. देशपांड्यांविषयी बोलताना माणसाने जपून बोलावे, विशेषतः दिवाळीत. 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' यांची गोडी मी नाकारीत नाही, आणि रत्नागिरीहून मुंबईला निघालेली मोटार म्हशीपायी अडकते ती कथा तर घरोघरी पाठ आहे. तथापि मला असे वाटते की पु.लं.ना अनोळखी माणूस कधी भेटतच नाही. तो दिसतो न दिसतो तोच ते त्याला ओळखतात. हा पुढारी, हा मास्तर, हा सुशिक्षित उपटसुंभ! आपणही ओळखतो आणि हसतो. ही मोठी कला आहे यात वाद नाही, पण तिची किंमत अशी की गाडीतले सगळे प्रवासी आपल्या आळीतलेच होऊन जातात. परका असा कोणी उरत नाही.

हा परका ज्याच्या लेखनात जिवंत राहिला तो लेखक आमच्या परतवाड्याचा. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म तेथे ८ जुलै १९१६ रोजी झाला. तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी निघाले, ते पुढे कितीतरी वर्षे चालतच राहिले. गाडगे महाराजांची संगत, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा, हे सगळे त्या चालण्यात आले. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हे नावच पाहा. आपले प्रवासलेखक स्वतःच्या नावाचा झेंडा घेऊन चालतात, आणि येथे प्रवासीच 'कुणी एक' झाला आहे. अनोळखी माणूस समोरचा नव्हे, अनोळखी आपण. दारात उभे राहून 'नर्मदे हर' म्हणणारा हा पोर कोण, हे घरातल्या बाईने ठरवायचे आहे.

परिक्रमेचे नियमही असे की माणसाशिवाय गत्यंतर नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, साठवण करायची नाही, मागून खायचे. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस हा जुना हिशेब. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावाशांच्या अंगावरचे वस्त्रदेखील काढून घेत, आणि पुढच्या गावात कोणीतरी लंगोटी देई. ती झाडी आता बरीचशी सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. पण लुटणारा आणि देणारा असे दोघेही एकाच वाटेवर भेटतात, हे या परिक्रमेचे वैशिष्ट्य, आणि दांडेकरांची लेखणी या वाटेवर तयार झाली. पुढे 'स्मरणगाथे'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८१ च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. घर सोडून गेलेला पोरगा पन्नास वर्षांनी वऱ्हाडात परतला तो असा.

दांडेकरांवर माझे प्रेम आहे, म्हणूनच एक गोष्ट बोलून टाकतो. त्यांच्या लेखणीला माणसावर लोभ जडायची फार घाई आहे. भाकरी वाढणारी बाई चटकन माउली होते, जटावाल्यात साधुत्व दिसू लागते. मग त्या बाईच्या घरात त्या दिवशी पीठ किती होते, हे विचारायचे राहून जाते. लुटणाऱ्या भिल्लाच्या पोटाचेही तसेच. दांडेकरांचे हे वैगुण्य सबंध मराठी भ्रमणलेखनाचे आहे, आणि त्यांच्यापाशी निदान उपाशी राहिल्याचा अनुभव होता. त्यांच्यामागून मोटारीने परिक्रमा करून पुस्तके लिहिणाऱ्यांपाशी माउली तेवढी उरली आहे.

या बाबतीत त्यांचे गुरू त्यांच्यापेक्षा कठोर होते. गाडगे महाराज, १८७६ साली शेंडगावला जन्मलेले, परिटाचे पोर, अक्षरशत्रू. ते गावात येत ते अनोळखी म्हणूनच. अंगावर चिंध्या, हातात खराटा, गाडग्यातले अन्न. कोणी हाकलून देई, कोणी काम करवून मग भाकर देई. रात्री कीर्तनाला उभे राहिले की तेच लोक समोर बसलेले असत, आणि महाराज त्यांना प्रश्न विचारू लागत. देव कुठे राहतो, कर्ज कशाला काढता, पोराला शाळेत का घालत नाही? दिवसा ज्याला आपण 'कोण रे तू' म्हणून दरडावले त्यालाच रात्री उत्तर द्यायचे! वाटसरूने वाटेवरच्यांना जाब विचारावा, अशी ही उलटी रीत. आणि त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरातली एक तर चोखामेळ्याच्या नावाची, ज्यांना इतरत्र ओसरीही मिळत नव्हती त्यांच्यासाठी. मसूरच्या स्टेशनावरच्या त्या मुलांच्या हकीकतीला हे विटांनी दिलेले उत्तर होय. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच त्यांचा देह पडला. स्वतः त्यांनी प्रवासाची एक ओळ लिहिली नाही.

इतके सगळे वाचल्यावर एक पुस्तक मला सापडत नाही. नर्मदेच्या काठी, किंवा पंढरीच्या वाटेवर, किंवा आमच्या ऋणमोचनच्या यात्रेच्या रस्त्यावर जन्मभर दारात उभी राहिलेली बाई. तिच्या उंबऱ्यावर येऊन गेलेले परके तिने मोजले नसतील, पण तिला ते आठवत असतील. कोण जेवून निघून गेला, कोणी ताटावरून उठून शिव्या दिल्या, कोणाच्या डोळ्यांत खोट होती, कोणासाठी तिने स्वतःची भाकर दिली आणि घरात बोलणी खाल्ली. तिच्याकडे जाऊन, वही उघडून, म्हाइंभटासारखे एकेक विचारून घेणारा कोणी असेल, आणि त्याने ते छापले असेल, तर ते पुस्तक मला पाठवावे. पुढच्या दिवाळीला मी त्यावरच लिहीन.