स्तोत्रांना यमक कोठे आहे?

मुक्तछंदातील कविता छापून आली की आमच्या धर्मग्रामातील वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, “फादर, ही कविता कशावरून? हिला ना चाल, ना यमक!” प्रश्न अप्रामाणिक नाही. फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून (१६१६) आमच्या समाजाचा कान ओवीवर पोसला आहे. मात्र हीच मंडळी दर रविवारी मिस्सामध्ये ज्या स्तोत्राला प्रतिसाद देतात, त्याला यमक कोठे आहे?

हिब्रू स्तोत्रांना यमकाचे बंधन नाही; त्यांचे वृत्त कोणते, यावरही पंडितांचे एकमत नाही. त्यांची लय निराळ्या ठिकाणी आहे. रॉबर्ट लाऊथ या इंग्रज धर्मपंडिताने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन व्याख्यानांत ती उलगडून दाखविली. एका चरणातील विचाराला दुसरा चरण उत्तर देतो. कधी दुजोरा देऊन, कधी विरोध करून, कधी तोच विचार पुढे नेऊन. ११४वे स्तोत्र पाहावे. समुद्र पळतो तशी यार्देन माघारी फिरते; पर्वत एडक्यांसारखे बागडतात तशा टेकड्या कोकरांसारख्या. येथे जुळतो तो अर्थ. म्हणूनच ही लय मराठी भाषांतरातही टिकते. यमक असते तर ते वाटेतच गळून पडले असते. आणि शिस्तीचे म्हणाल, तर ११९व्या स्तोत्रात हिब्रूच्या २२ अक्षरांच्या क्रमाने, प्रत्येकी ८ याप्रमाणे, १७६ श्लोक बांधलेले आहेत!

मराठीत कवी अनिलांनी ‘भग्नमूर्ती’ (१९४०) हे दीर्घकाव्य मुक्तछंदात लिहिले, ते बांधेसूद रचना जमत नव्हती म्हणून नव्हे. ‘दशपदी’ हा दहा ओळींचा रचनाप्रकार पुढे त्यांनीच रूढ केला. आमच्या तरुण कवींनी हे ध्यानी घ्यावे. गद्य वाक्य तीन ठिकाणी तोडून एकाखाली एक मांडले, की मुक्तछंद होत नाही. असे लेखन आमच्याकडे पुष्कळ येते. ते वाचवत नाही. (निरोपसमारंभाच्या कविता यमकातही फसतात, ती गोष्ट वेगळी.)

परंतु आमच्याही पदरी एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेचे परीक्षण करताना एका मुलीची कविता ‘यमक नाही’ असा शेरा मारून आम्ही बाजूला सारली. मचूळ झालेली विहीर आणि अबोल झालेले आजोबा, असा तिचा विषय. विहिरीच्या प्रत्येक ओळीला आजोबांची ओळ उत्तर देत होती. प्रार्थनाग्रंथातून रोज स्तोत्रे म्हणणाऱ्या आमच्या कानाला ते ऐकू आले नाही. त्या मुलीने पुढे काही लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.