ख्रिस्तमृत्यूचा अर्थ आणि मराठी शब्दांची मर्यादा : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी उपदेशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, एक मृत्यू आहे. पिलात हा रोमन सुभेदार यहूदियाचा कारभार पाहत असताना (इ.स. २६ ते ३६) येशूला यरुशलेमेत क्रूसावर खिळून मारण्यात आले. ही इतिहासातील घटना होय. तो मृत्यू ‘आपल्यासाठी’ होता, हा मात्र श्रद्धेचा दावा आहे. इ.स. ३२५ व ३८१ च्या धर्मपरिषदांशी निगडित श्रद्धासूत्रात तो दावा आला. परंतु तो मृत्यू तारक कसा ठरतो, याचे एकच एक स्पष्टीकरण या परिषदांनी बंधनकारक केले नाही. त्यामुळे प्रत्येक भाषेला तो अर्थ आपापल्या शब्दांत शोधावा लागला. मराठीने योजलेले शब्द हा अर्थ कितपत पेलतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वर्गात ख्रिस्तपुराण किंवा ना. वा. टिळकांची कविता शिकवताना ‘बलिदान’ या एका शब्दावर विषय आटोपता येतो. पण त्याने हौतात्म्य कळते. श्रद्धेचा गाभा कळत नाही.

सत्पुरुषाच्या मृत्यूची मराठी कल्पना :

मराठी मनाला सत्पुरुषाचा अंत ‘समाधी’ या शब्दाने परिचित आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीस संजीवन समाधी घेतली. तुकोबांच्या बाबतीत परंपरा सदेह वैकुंठगमन सांगते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे ८ सप्टेंबर १९१० रोजी गजानन महाराज समाधिस्थ झाले. या सर्वांत अंत स्वेच्छेचा, शांत आणि भक्तांच्या सान्निध्यातील आहे. क्रूसावरील मृत्यू याच्या नेमका उलट आहे. ती बंडखोरांना व गुलामांना द्यावयाची शिक्षा होती. ती उघड्यावर व्हावी आणि अपमानास्पद असावी असाच तिचा उद्देश होता.

तथापि, याच जिल्ह्याशी जोडलेला एक मृत्यू या तुलनेत अधिक उपयोगी आहे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून ते गाडले गेले. नामदेवांनी ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या ओळखून पंढरपूरच्या महाद्वारी आणल्या, अशी कथा आहे. निर्दोष माणसाचा समाजव्यवस्थेच्या ओझ्याखाली झालेला अंत आणि देवाने त्याला दिलेली साक्ष, हे दोन्ही घटक येथे आहेत. चोखोबांच्या मृत्यूने इतरांचे पाप फिटले, असे मात्र वारकरी परंपरा म्हणत नाही. ख्रिस्ती श्रद्धा नेमके हेच म्हणते. म्हणून साम्य दाखवून थांबणारी तुलना अपुरी ठरते. फरक दाखवणारी तुलनाच अभ्यासकाच्या कामी येते.

चार शब्दांची परीक्षा :

पहिला शब्द ‘प्रायश्चित्त’. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त सामान्यतः ज्याचे पाप त्यानेच घ्यावयाचे असते. ख्रिस्ती विचारात ते निष्पाप व्यक्ती घेते, तेही अपराध ज्याचा झाला त्या ईश्वराच्याच बाजूने. शब्द तोच राहतो, कर्ता बदलतो. हा बदल स्पष्ट केला नाही तर वाचकाला तो अन्याय वाटणे स्वाभाविक आहे.

दुसरा शब्द ‘खंडणी’. बायबलच्या मराठी भाषांतराने मुक्तीचे मोल या अर्थी तो स्वीकारला. मराठ्यांच्या इतिहासात खंडणी सत्तेला दिली जाते आणि आजच्या वृत्तपत्रांत ती गुन्हेगार मागतो. त्यामुळे ‘ती कोणाला दिली?’ हा प्रश्न मराठी वाचकास पडतोच. हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने तोच विचारला आणि ही किंमत सैतानाला पोहोचली ही कल्पना नाकारली. म्हणजे हे रूपक मुक्तीची किंमत सांगते. व्यवहाराचा हिशेब सांगत नाही.

तिसरा शब्द ‘तारण’. तरून जाणे हा त्याचा मूळ भाव. पण खामगाव-मलकापूरच्या बाजारपेठेत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेला माल. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालत आली आहे. हा व्यावहारिक अर्थ दूरचा वाटला तरी निरुपयोगी नाही. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात येशूला जामीन या अर्थाचा शब्द योजिला आहे. फरक इतकाच की, शेतकरी स्वतःचा माल तारण ठेवतो. येथे कर्जदाराजवळ ठेवण्यासारखे काहीच नाही आणि जामीन स्वतःच पुढे येतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने ईश्वराच्या भंगलेल्या प्रतिष्ठेचे ऋण माणूस फेडू शकत नाही, असे मांडले, त्यामागे हीच जाणीव होती.

चौथा शब्द ‘समेट’. गावच्या समेटात दोन्ही पक्ष थोडे मागे सरतात. पौलाच्या पत्रांत मात्र ज्याचा अपराध झाला तो ईश्वरच पुढाकार घेतो. बाराव्या शतकातील अबेलार्डने या मृत्यूत हृदयपरिवर्तन करणारे प्रेम पाहिले, ते याच दिशेने. त्याचे स्पष्टीकरण मनाला भिडते. पण अन्यायाचा निवाडा कसा झाला, हे ते पुरेसे सांगत नाही.

ओवीतील मांडणी :

चारही शब्द एकेकटे अपुरे आहेत. मराठी साहित्याने ही उणीव कथनाने भरून काढली. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीपासूनची कथा येते. ख्रिस्तचरित्र दुसऱ्या पुराणात आहे. आदामाच्या पतनाची कथा आधी ऐकल्याशिवाय क्रूसाचा अर्थ लागत नाही, हे या रचनेतच अनुस्यूत आहे. ‘वैकुंठ’सारखा परिचित शब्द घेऊनही स्टीफन्स वाचकाला नव्या अर्थाकडे नेऊ शकतात, कारण शब्दाला प्रसंगाचा आधार मिळतो.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते; पुढील बहुतेक भाग लक्ष्मीबाई टिळकांनी रचला. त्यामुळे मराठीतील या महाकाव्यात ख्रिस्तमरणाचे वर्णन करण्याचा भार एका स्त्रीच्या, फारसे औपचारिक शिक्षण न लाभलेल्या लेखणीवर आला. या बाबीकडे समीक्षेने अधिक लक्ष द्यावयास हवे.

निष्कर्ष :

ख्रिस्तमृत्यूच्या श्रद्धेतील निर्णायक गोष्ट दिशेची आहे. सामान्य यज्ञात व बळीत माणूस देवाला देतो. येथे देव माणसासाठी देतो. मराठी शब्द ही उलट दिशा आपोआप दाखवीत नाहीत. त्या शब्दांचा रूढ अर्थ जेथे अडखळतो, तेथेच ती दिसू लागते. म्हणून अध्यापकाने शब्द बदलण्याची घाई करण्यापेक्षा ते कोठे अडखळतात हे विद्यार्थ्यांस दाखवावे. श्रद्धा स्वीकारणे वा न स्वीकारणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु नाकारण्यापूर्वी किंवा गौरविण्यापूर्वी ती नेमके काय म्हणते हे कळणे, ही समीक्षेची किमान अट आहे.