यजमानांचं टेनिस

पुण्याच्या बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात महाराष्ट्र ओपन पाच वेळा झाली. एकेरीचे विजेते सांगायचे तर जिल सिमाँ, केविन अँडरसन, यिरी व्हेसेली, जुआव सूझा, टालन ग्रीकस्पूर. त्यात भारतीय एकही नाही. 1996 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही स्पर्धा चेन्नईत वीस वर्षं नांदली, पुण्यात आली आणि 2024 पासून तिची जागा हाँगकाँगने घेतली. आपण मांडव उत्तम घातला, वाढपीही चोख होते. घरची पोरं मात्र पंगतीला फारशी दिसलीच नाहीत.

दुहेरीचं चित्र वेगळं. रोहन बोपण्णाने 2019 मध्ये दिविज शरणसोबत आणि 2022 मध्ये रामकुमार रामनाथनसोबत इथे बाजी मारली. पण माझ्या मते पेस-भूपतींपासूनच्या दुहेरीतल्या यशाने एकेरीचं दारिद्र्य झाकलं गेलं.

तसं आपलं खातं जुनं आहे. मुंबईच्या लीला राव यांनी 1934 मध्ये विम्बल्डनमध्ये ग्लॅडिस साउथवेलला 4-6, 10-8, 6-2 असं हरवलं. आई क्षमा राव संस्कृत कवयित्री, तर आजोबा शंकर पांडुरंग पंडित तुकारामांच्या गाथेचे संपादक. अशा घरात रॅकेट आली ती सुबत्तेमुळे, आणि या खेळाने ती अट अजून सोडलेली नाही. देशात अव्वल असलेल्या सुमित नागलने 2023 मध्ये सांगितलं, की खात्यात जेमतेम 900 युरो उरलेत. तळाच्या 15 हजार डॉलरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं, तर हाती पडणाऱ्या पैशांत प्रवासखर्चही निघत नाही.

टेनिसमधला लहान देश म्हणून आपलं हे असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांनी मोनॅकोकडे पाहावं. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्यसुद्धा त्याच्याहून मोठं भरेल. तिथला व्हालाँतँ व्हाशरो 2024 मध्ये बालेवाडीतच चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या स्तरावरची स्पर्धा, जिंकून गेला आणि पुढल्या वर्षी जागतिक क्रमवारीत 204वा असताना शांघाय मास्टर्सचा विजेता ठरला. तो घडला अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कोर्टवर. आपली ऋतुजा भोसलेही तिथेच खेळली; 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. सूझासुद्धा पंधराव्या वर्षी पोर्तुगाल सोडून बार्सिलोनाला गेला होता. घर सोडावं लागणं ही लहान टेनिस-देशांची रीतच आहे, त्यात कमीपणा नाही. पण ते घर सोडणं कोणाच्या खिशातून होतं, यावर बरंच ठरतं.

पुण्याच्या मानस धामणेचंच पाहा. 2023 मध्ये पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्डवर तो बालेवाडीत उतरला आणि मायकल एममोहकडून 2-6, 4-6 असा हरला. त्याचा सराव मात्र इटलीत, रिकार्डो पियाटींच्या बोर्दिगेरातल्या केंद्रात. एका आठवड्याच्या झगमगाटावर होणाऱ्या खर्चातून अशा किती मुलांचे अठरा ते बावीस या वयातले दौरे निघतील, हा हिशेब टेनिस संघटनेने आणि प्रायोजकांनी एकदा मांडायला हवा. मोठी स्पर्धा गेल्यावर चॅलेंजर आली, याचं म्हणून मला फारसं दुःख नाही. तिथे आपल्या पोरांना निदान दोन-तीन फेऱ्या खेळायला मिळण्याची आशा तरी आहे.