मुक्त सॉफ्टवेअर : कोणाची मुक्ती?

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचा 'ग्नू जाहीरनामा' १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याला चाळीस वर्षे उलटली, पण आपल्याकडे तो इंजिनिअरांच्या वर्तुळाबाहेर फारसा वाचला गेला नाही. संगणक हा पांढरपेशांचा विषय आहे, भुकेकंगालांच्या चळवळीला त्याचे काय, असे आपल्यातले पुष्कळजण मानत आले. आज चळवळीची पत्रके, वर्गणीचे हिशेब, पीडितांचे जबाब, सारे याच यंत्रात आहे. तेव्हा या जाहीरनाम्याची तपासणी आपण आपल्या दृष्टीने केलीच पाहिजे.

जाहीरनाम्याचे म्हणणे साधे आहे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना. विकणारी कंपनी त्या झाकून ठेवते. घेणाऱ्याने त्या वाचायच्या नाहीत, बदलायच्या नाहीत आणि शेजाऱ्यालाही द्यायच्या नाहीत. असा करार माणसाला माणसापासून तोडतो, म्हणून तो अनैतिक आहे, असे स्टॉलमन म्हणतात. यातूनच १९८९ साली एक आगळा परवाना तयार झाला : घ्या, वाचा, बदला, वाटा, मात्र पुढच्याला देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला.

वाचू नये, बदलू नये, देऊ नये. ही भाषा आपल्याला नवी आहे काय? ज्ञान झाकून ठेवून माणसांना गुलाम करण्याचा प्रयोग या देशात हजारो वर्षे चालला. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, ती याच कुलुपाविरुद्ध होती. स्टॉलमन यांना जातिव्यवस्थेचा अनुभव नव्हता, तरी बंधुता तुटल्याची वेदना त्यांनी ओळखली. एवढ्यासाठी हा जाहीरनामा आपल्या जवळचा वाटतो.

पण जवळचा वाटला म्हणून तो आपला होत नाही. हा जाहीरनामा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याशी बोलतो. ज्याच्याकडे यंत्र आहे, इंग्रजी आहे आणि रात्री जागून फुकट काम करण्याइतकी फुरसत आहे, त्याच्याशी. सूचना उघड्या केल्या की माणूस त्या वाचू लागेल असे तो धरून चालतो. वाचण्याची पात्रता कोणाला लाभते आणि कोणाला नाकारली जाते, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. पवईच्या आय.आय.टी.त मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा 'फॉसी' हा प्रकल्प चालतो. तिथूनच निघालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल'मुळे लिनक्सचे धडे मराठीतही मिळतात. हे काम मोलाचे आहे. त्याच पवईत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी मरण पावला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्याच्या कुटुंबीयांनी केला, संस्थेच्या समितीने तो मान्य केला नाही. सॉफ्टवेअर खुले असणे आणि संस्था खुली असणे या दोन गोष्टी किती अंतरावर आहेत, याचा विचार पवईच्या मुक्तिवाद्यांनी करावयास हवा.

शिवाय 'मुक्त' शब्दाचेही मोठ्या हुशारीने दुसरे बारसे झाले. १९९८ मध्ये काही मंडळींनी 'ओपन सोर्स' हा नवा शब्द रूढ केला, कारण 'स्वातंत्र्य' म्हटले की भांडवलदार बिचकतो. आज अंधेरीच्या चकाला भागात आणि घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात विकल्या जाणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. त्यामुळे फोन हातात असणारा मुक्त झाला काय? त्याच्यावर रचलेला कंपनीचा बाजार तो कुठे गेला, कोणाशी बोलला, काय पाहिले याची नोंद ठेवतोच. नीतीचा गाभा काढून घेतला की खुलेपणाही शोषणाच्या कामी येतो.

"आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?" असे आमचे कार्यकर्ते विचारतात. पोलीस पाटलापासून रेशनच्या कारकुनापर्यंत ज्यांची आयुष्ये कायम उघडी ठेवली गेली, त्यांनीच असे विचारावे, याचे वाईट वाटते. बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारे कलम सुचवले होते. ते घटनेत येऊ शकले नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. मधली सत्तर वर्षे कोणाच्या झोपड्यांच्या झडत्या होत राहिल्या, हे सांगायला नको.

रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहाजण मारले गेले, तेव्हा जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे सांगण्यात आले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. त्या वेळी सरकारी कहाणीला उलटे प्रश्न विचारायला प्रत्यक्षदर्शी होते. पुरावा संगणकाच्या पोटात असेल तर साक्षीदार कोठून आणायचा? भीमा कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ रोजी 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे, नागपूरचे दलित वकील सुरेंद्र गडलिंग, रोना विल्सन आदींना अटक झाली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून आर्सेनल या अमेरिकन प्रयोगशाळेने तपासणी केली. तिच्या २०२१ मधील अहवालांनुसार विल्सन यांचा संगणक बावीस महिने आणि गडलिंग यांचा सुमारे वीस महिने परक्याच्या ताब्यात होता व त्यात आक्षेपार्ह पत्रे बाहेरून ठेवली गेली. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. ढवळे आणि विल्सन जामिनावर सुटले ते जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनी, खटला न चालताच.

यावर लिनक्सचे भक्त लगेच उपाय सुचवतात : विंडोज काढा, लिनक्स घाला, निर्धास्त व्हा. हा ताईत झाला! विल्सन यांच्या संगणकात घुसखोर शिरला तो ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ई-पत्रातून, आणि त्यासाठी वापरलेले 'नेटवायर' हे हत्यार लिनक्सवरही चालण्यासारखे होते. लिनक्सचा खरा फायदा वेगळा आहे. त्यात परवान्याचे पैसे लागत नाहीत, कंपनीने टाकून दिलेल्या जुन्या यंत्रावर तो चालतो आणि आत काय आहे हे जाणकाराला तपासता येते. जाणकार आपला हवा, ही अट मात्र राहतेच. तो वस्तीतून तयार करावा लागेल. मराठी धडे आहेत, जुनी यंत्रे भंगारात पडली आहेत. वाचनालयाच्या एका कोपऱ्यात दर रविवारी चार मुलेमुली बसली तरी सुरुवात होते.

त्यांच्यासाठी पहिले काम समोरच आहे. आपली नियतकालिके आणि जयंतीच्या स्मरणिका तीसेक वर्षे डी.टी.पी.च्या दुकानांत खाजगी फॉन्टमध्ये जुळवल्या गेल्या. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण मजकूर कचऱ्यासारखा दिसतो, शब्द शोधता येत नाही. आपलेच विद्रोही साहित्य दुसऱ्याच्या कुलपात पडले आहे. ते युनिकोडमध्ये आणता येते, आणि छपाईसाठी मुंबईतल्याच एक टाइप या गटाचा 'मुक्ता' हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. दुकानदारांकडच्या जुन्या डिस्क खराब होण्याआधी हे काम हाती घ्यावे.