दोन गावांच्या मधलं जंगल

गूगल मॅप उघडा आणि बोर्निओ बेटावर या. मलेशियाच्या सारावाक राज्यात, इंडोनेशियाच्या सीमेला जवळजवळ चिकटून बारिओ नावाचं गाव दिसेल. त्याच्या उत्तरेला बा-केलालान. या दोघांच्या मधे कितीही झूम करा, नुसतं हिरवं. ते हिरवं पायी पार करायला तीनेक दिवस लागतात. वाट पा-लुंगान या छोट्या गावावरून जाते, मधे थोडी इंडोनेशियात शिरते आणि परत मलेशियात येते. इको-टुरिझमवाल्यांमध्ये हा ट्रेक चांगलाच प्रसिद्ध आहे. असल्या ट्रेकचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील: जळवा, चिखल, ओंडक्यावरून पार केलेला ओढा, रात्री कुणाच्या तरी घरी गरम भात, आणि शेवटी हळव्या आवाजात तो एक शब्द. ‘अनटच्ड’. माणसाचा हात न लागलेलं.

हा शब्द डोक्यात कुठून बसतो ते बघायला मी बोर्निओवरची दोन गाजलेली इंग्रजी पुस्तकं पुन्हा वाचली. रेडमंड ओ’हॅनलनचं ‘इन्टू द हार्ट ऑफ बोर्निओ’ (1984) आणि एरिक हॅन्सनचं ‘स्ट्रेंजर इन द फॉरेस्ट’ (1988). पहिलं मला कॉलेजात प्रचंड आवडलं होतं. आता तितकं आवडलं नाही, पण हसू तेवढंच आलं, हे आधीच कबूल करतो.

ओ’हॅनलन 1983 साली कवी जेम्स फेन्टनला घेऊन सारावाकच्या नद्यांमधून आत आत जातो. निमित्त गेंड्याचं. तिथला गेंडा तेव्हाही दुर्मीळ होता. निघण्याआधी ब्रिटिश लष्कराच्या कमांडोंकडून सामान आणि सल्ले. सोबत इबान जमातीचे वाटाडे. बोट तेच चालवतात, मासे तेच पकडतात, चूल तेच पेटवतात, आणि साहेब पाण्यात पडले की बाहेरही तेच काढतात. विनोद सगळा या उलट्या परिस्थितीतून येतो आणि लेखक स्वतःला मनापासून हास्यास्पद करतो. आम्हाला हीच गोष्ट मोठी मोकळ्या मनाची वाटायची. पण पुन्हा वाचताना लक्षात येतं की तो कितीही हास्यास्पद झाला तरी कॅमेरा त्याच्याच हातात राहतो. वाटाडे हुशार, खट्याळ, जिवाला जीव देणारे दिसतात. मात्र हे लोक गावी परत गेल्यावर या दोघांबद्दल काय बोलले असतील, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. तरी एक जागा त्याने प्रामाणिकपणे ठेवली आहे. शेवटी ते अगदी आतल्या वस्तीत पोचतात, आणि तिथल्या लोकांना पाहुण्यांकडून काय हवं असतं? डिस्को नाच. ‘हार्ट ऑफ बोर्निओ’ गाठलं आणि हार्टला डिस्को शिकायचा आहे! ओ’हॅनलन हे विनोद म्हणून लिहितो आणि पुढे जातो. तिथे थांबला असता तर वेगळं पुस्तक झालं असतं.

हॅन्सन वेगळा माणूस आहे. तो 1982 मध्ये जवळजवळ सात महिने पायी फिरला, तेही बहुतेक वेळ पेनान लोकांबरोबर. पेनान म्हणजे जंगलात भटकून शिकार करणारे आणि रानातल्या सागू-ताडाच्या खोडातला पिठूळ गर खाणारे लोक. (आपला उपवासाचा साबुदाणा आता कसाव्याच्या कंदापासून होतो, पण मूळ चीज सागूचीच. एकादशीला आपणही थोडे पेनान असतो म्हणायचं.) हॅन्सन पैसे नाही, वस्तू घेऊन निघाला. बंदुकीची काडतुसं, मणी असलं काहीबाही. देवाणघेवाण करत चालला. भाषा शिकला. त्यामुळे त्याच्या पुस्तकात जंगल हा अडथळा राहत नाही, त्याची रोजची जागा होते. बेट ओलांडून पलीकडच्या शहरी जगाशी पोचल्यावर तो विमान पकडत नाही, पुन्हा आत वळतो.

माझ्या आवृत्तीचं मलपृष्ठ मात्र सांगतं की बोर्निओ पायी पार करणारा तो पहिला पाश्चात्त्य माणूस. उडणारे साप आणि रात्री चमकणाऱ्या अळंब्या आहेतच. आता हे ‘पहिला’ बघा. न्यूवेनहाउस नावाच्या डच डॉक्टरने 1896-97 मध्येच हे बेट पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केलं होतं, नद्यांमधून आणि पायी, मोठा लवाजमा घेऊन. म्हणजे ‘पायी’ या एका शब्दावर तो ‘पहिला’ उभा आहे. आणि ज्यांच्या मागून हॅन्सन चालला ते तर या मोजदादीतच नाहीत.

पण या पुस्तकातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी पानं मलपृष्ठावर नाहीत. एका टप्प्यावर हॅन्सन एकटा चालतोय आणि गावागावांत त्याच्याकडे लोक भीतीने बघायला लागतात. त्या भागात ‘बाली सालेंग’ नावाच्या एका प्राण्याची, माणसाची, भुताची, जे काय म्हणाल त्याची दहशत असते. तो रक्त गोळा करत फिरतो आणि ते रक्त मोठमोठ्या बांधकामांच्या पायात घालतात. जंगलातून एकटा येणारा, कुणाचाही नसलेला, कारण विचारलं तर ‘फिरायला आलोय’ म्हणणारा हा गोरा माणूस दुसरं कोण असणार? हॅन्सन घाबरतो, आणि घाबरायलाच हवं.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुलाला बळी लागतो, म्हणून पोरं पळवणारे फिरताहेत, ही अफवा आपल्या आजीनेही ऐकलेली असते. शिकलेली माणसं तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूला ठेवतात. पण वाङ्मय म्हणून वाचली तर ती किती नेमकी आहे! बाहेरचा माणूस येतो, मागून बांधकाम येतं, आणि किंमत आपल्या अंगातून वसूल होते. सारावाकच्या पेनान लोकांनी 1987 पासून लाकूडतोड कंपन्यांच्या रस्त्यांवर अडथळे उभारले. 1990 च्या दशकाच्या शेवटी बाकुन धरणासाठी सुमारे 10,000 लोकांना हलवलं गेलं. बाली सालेंगची गोष्ट सांगणाऱ्यांचा तपशील चुकला असेल, पण कथानक चुकलं नव्हतं. हॅन्सनच्या पुस्तकात तेवढी पानं गाव बोलतं आणि प्रवासी ऐकतो. गोष्ट त्यांची आणि पात्र तो. पुस्तकाच्या नावातला ‘स्ट्रेंजर’ तिथे खरा होतो.

आता त्या हिरव्याकडे परत येऊ. बारिओच्या परिसरात केलाबित लोक राहतात. हजारेक मीटर उंचीवरचं पठार, तिथला बारीक दाण्याचा तांदूळ सारावाकभर नावाजलेला. या डोंगराळ भागात 2007 पासून काही वर्षं पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक स्थानिक लोकांबरोबर फिरले. त्या प्रकल्पाचं नावच ‘कल्चर्ड रेनफॉरेस्ट’, म्हणजे माणसांनी घडवलेलं वर्षावन. जिथे ट्रेकरला नुसती झाडं दिसतात तिथे त्यांना जुन्या वस्त्यांच्या जागा सापडल्या, दगडांच्या राशी, कोरलेल्या शिळा. मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर जेवणावळ घालून, सगळ्यांच्या कष्टाने डोंगराच्या धारेवर झाडीत पाडलेल्या खाचा सापडल्या, दुरून दिसाव्यात अशा. डोंगराच्या रेषेत एक खिंडार दिसतं, आपण फोटो काढतो. ते कुणाच्या तरी आजोबांचं स्मारक असतं.

पेनान दगड उभारत नाहीत. त्यांचं लेखन आणखी हलकं. काड्या आणि पानं विशिष्ट तऱ्हेने खोचून मागून येणाऱ्यांसाठी निरोप ठेवायचा: इकडे गेलोय, भूक आहे, लवकर या. सागूचं एखादं बेट किंवा फळझाड पुढच्यासाठी राखून ठेवायचं, त्याला ‘मोलोंग’ म्हणतात. न तोडलेलं झाड बघून आपल्याला वाटतं हात लागलेला नाही, आणि ते झाड कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं.

हा घोळ फक्त ट्रेकर करत नाहीत. पेनानांची बाजू घेणारेही करतात. वेड डेव्हिस आणि थॉम हेन्ली यांनी 1990 मध्ये पेनानांवर एक पुस्तक केलं, कळकळीचं, त्या काळात गरजेचं. पीटर ब्रोसियस या मानववंशशास्त्रज्ञाने 1997 च्या एका निबंधात अशा लेखनाची चिकित्सा केली. तो स्वतः पेनानांमध्ये राहिलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जगाला पटावं म्हणून पर्यावरणवाद्यांनी पेनानांच्या तोंडी औषधी वनस्पतींचं गूढ ज्ञान आणि जंगलाचं पावित्र्य घातलं. ही भाषा दुसऱ्या जंगलांवरच्या लेखनातून आलेली. पेनान स्वतः जमिनीबद्दल बोलतात तेव्हा नद्यांची नावं सांगतात, कोण कुठे पुरलंय, कोणाचा सागू कुठे आहे ते सांगतात. म्हणजे सातबाराच वाचून दाखवत असतात ते! आणि आपण त्याला मंत्र समजून डोळे मिटतो. हा निबंध मला वरच्या दोन्ही पुस्तकांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, जरी त्यात एकही जळू नाही.

आणि एक गोष्ट, जिच्यावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी. केलाबितांमध्ये पहिलं मूल झालं की आईबाप नवं नाव घेतात, नातवंड झालं की आजीआजोबा पुन्हा नवं. त्यासाठी मोठी मेजवानी असते. म्हणजे एखाद्या पुस्तकात वाटाड्याचं नाव छापलं, त्याला अमर केलं असं लेखकाला वाटलं, तरी तो माणूस तोवर त्या नावातून निघून गेलेला असू शकतो.

आज बहुसंख्य केलाबित मिरीसारख्या शहरांत राहतात. बारिओला छोटं विमान उतरतं, लाकूडतोडीच्या रस्त्यांनी चारचाकीही पोचते. त्या रस्त्याबद्दल गावात एकमत नाही: सिमेंट, डिझेल स्वस्त होतं, आजारी माणूस खाली नेता येतो, आणि ट्रकही येतात. ट्रेकचा पैसा घरात येतो तो नाकारण्यात अर्थ नाही. मी इको-टुरिझमच्या विरोधात नाही, त्याच्या गद्याच्या विरोधात आहे. त्या गद्याला रस्ता नको असतो, पण रस्ता का हवा हे विचारायलाही नको असतं.

हे सगळं लिहायला तोंड मिळावं म्हणून मी माझी 2016 ची एक पोस्ट काढली. अकोले तालुक्यातल्या एका वाडीतून दुसऱ्या वाडीत उतरलेलो, कारवीतून, पावसात. नऊशे शब्द. त्यात धुकं चार वेळा, ‘निसर्गाच्या कुशीत’ दोन वेळा. ज्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि झणझणीत ठेचा खाल्ला त्या फक्त ‘एक मावशी’. त्यांचे यजमान पुढे वाट दाखवत आले, ते ‘स्थानिक वाटाड्या’. घळीबद्दल एकच वाक्य: ‘आम्ही ती अवघड घळ तासाभरात उतरलो.’

नंबर जुन्या फोनमध्ये होता. लावला. मावशींनीच उचलला. मी नाव सांगितलं, पुण्याचे, पाचजण होतो, पावसाळ्यात, घळीतून उतरलो, असं सगळं सांगून झालं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या कुणाला तरी ओरडून काहीतरी म्हणाल्या आणि फोनवर आल्या.

“हां हां. म्हंजी घळीत मधीच बसून ऱ्हायला व्हता, आन् आमच्या ह्यांनी पिशवीसकट पाठुंगळी घेऊन खाली आनला, त्यो का तू?”

मी हो म्हणालो.

“आमी अजून सांगतो की तुझी गोष्ट,” त्या म्हणाल्या. “नाव तेवढं ठावं नव्हतं.”