साक्षीदाराविना युद्ध : नारळीकरांच्या विज्ञानकथेतील सर्वनाशाचा विचार

प्रस्तावना

दुर्मीळ द्रव्यासाठी परग्रहांवर होणारा संघर्ष हा विज्ञानसाहित्यातील एक रूढ विषय आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीत तो वाळवंटी ग्रहावरील मसाल्यासाठी घडतो, तर ‘अवतार’ (२००९) या चित्रपटात पँडोरा या उपग्रहावरील खनिजासाठी. या कृतींच्या शेवटी विजेता उरतो. परंतु दोन्ही पक्ष समूळ नष्ट झाले, तर अशा युद्धाची कथा सांगणार कोण? या प्रश्नाच्या अनुषंगाने जयंत नारळीकर यांच्या निवडक लेखनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेतील सर्वनाश

संपूर्ण विनाशाची कल्पना मराठी मनाला नवी नाही. ‘यादवी’ हा शब्द मराठीने महाभारतातील यादवांच्या परस्परसंहारावरूनच घेतला. मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादव एकमेकांना मारतात. तरीही वज्र उरतो आणि मागे राहिलेल्यांना नेण्यासाठी अर्जुन येतो. कथन पुढे चालावे यासाठी परंपरेने कोणाला तरी वाचविले आहे.

नारळीकरांच्या कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून नारळीकरांच्या (निधन : २० मे २०२५) विज्ञानकथालेखनाला प्रारंभ झाला. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारे संकट शास्त्रज्ञांच्या सहकार्याने टळते. ‘हिमप्रलय’मध्येही विज्ञान मानवजातीला वाचविते. येथे संहारापेक्षा निवारणाला महत्त्व आहे. ही भूमिका आश्वासक असली, तरी तिची एक मर्यादा संभवते. संकट बाहेरून येते तेव्हा माणसे एकत्र येतात. परंतु माणसाचा हव्यासच संकट ठरला तर काय, हा प्रश्न या दोन कथांच्या कक्षेबाहेर राहतो.

‘वामन परत न आला’ ही कादंबरी या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते. नामशेष झालेल्या एका प्रगत संस्कृतीची पेटी उत्खननात सापडते आणि तिच्यातील ज्ञानाच्या आधारे वामन हा यंत्रमानव घडविला जातो. पुढे तो स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करू पाहतो. त्या संस्कृतीतील कोणीही हयात नाही; तिची साक्ष वस्तू देते. रे ब्रॅडबरी यांच्या १९५० च्या एका प्रसिद्ध कथेतही अणुयुद्धानंतर माणसे उरलेली नाहीत, केवळ त्यांचे स्वयंचलित घर आपली कामे करीत राहते. भिवंडीच्या वाचकाला हे चित्र विशेष अस्वस्थ करणारे आहे. येथील साध्या यंत्रमागावर कांडी संपली की ती बदलायला कामगाराचा हात लागतो. ब्रॅडबरींच्या घराला तसा हात लागत नाही, आणि त्याच्या कामाचा उपयोगही कोणाला होत नाही.

दुर्मीळतेचा अर्थ

यातून एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. दुर्मीळता हा द्रव्याचा अंगभूत गुण नाही. ते द्रव्य हवे असणाऱ्यांच्या संख्येवर आणि गरजेवर ती अवलंबून असते. सर्व स्पर्धक मेले की मौल्यवान खनिज पुन्हा केवळ दगड होतो. म्हणून ज्या युद्धात कोणीच वाचत नाही, त्यात पराभव दोन्ही पक्षांचा होतोच, शिवाय युद्धाचे कारणही नाहीसे होते.

हा विचार आज केवळ कल्पनेपुरता राहिलेला नाही. अवकाशातील कोणत्याही खगोलावर राष्ट्राला स्वामित्व सांगता येणार नाही, असे १९६७ च्या अंतराळ कराराने ठरविले. २००९ मध्ये चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून चंद्रावरील जलरेणूंचा पुरावा जाहीर झाला. २०२३ मध्ये भारताने आर्टेमिस करारावर स्वाक्षरी केली. त्यात अवकाशातील साधनसंपत्तीच्या वापराचाही विचार आहे.

निष्कर्ष

नारळीकरांच्या विज्ञानकथेने विज्ञानावरील विश्वास दृढ केला, हे तिचे मोठे कार्य होय. ‘वामन परत न आला’मध्ये मृत संस्कृतीचा इशारा वाचण्यासाठी निदान दुसरी मानवजात उपलब्ध होती. निवारणाची शक्यता गृहीत न धरता, असा वाचकच उरणार नाही या जाणिवेने लिहिलेली कथा हे पुढील मराठी विज्ञानलेखकांसमोरील आव्हान आहे, असे म्हणता येईल.